ओथोच्या मानेची जाडी

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात कांचन डहाळे यांना सगळे जरा बिचकूनच असत. कारण तसं फुटकळ होतं, म्हणजे इतरांच्या मते फुटकळ. एका गणेशोत्सवात मंडळाने ज्येष्ठ स्वयंसेवकांना प्रशस्तिपत्रकं वाटली. कांचनताईंच्या पत्रकावर 'मिसेस कुमार डहाळे' असं छापलेलं होतं. त्यांनी ते स्टेजवर हातात घेतलं, वाचलं आणि अध्यक्षांना परत दिलं. "हे ह्यांचं आहे," त्या माइकपाशीच म्हणाल्या, "ह्यांना बोलवा." पहिल्या रांगेत बसलेले कुमारराव आपल्या बुटांकडे बघत राहिले. मोदक कांचनताईंनी केले होते, चारशे एकवीस. कुमाररावांनी त्यातले नऊ खाल्ले होते.

एवढ्याशा गोष्टीवरून कुणी असं करतं का, असं मंडळात दोन वर्षं बोललं गेलं. बोलणाऱ्यांना बोलू द्यावं. ज्या बाईच्या हातून आयुष्यभर काम झालं आणि नाव दुसऱ्याचं लागलं, तिला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही.

सासवडला त्यांच्या वडिलांचं, उदावंतांचं, सोनारकामाचं दुकान होतं. दागिने कमी, टाक जास्त. टाक म्हणजे देवघरातले देवांचे चांदीचे छोटे पत्रे: खंडोबा, भवानी, ज्याच्या त्याच्या कुळाचे. ते रोज ताम्हनात न्हातात, रोज अंगठ्याने चोळून पुसले जातात आणि चाळीस-पन्नास वर्षांत देवाचं नाक जातं, डोळे जातात. मग लोक ते फडक्यात गुंडाळून उदावंतांकडे आणत. लहान कांचन शेजारी बसून हत्यारं पुढे करायची. नवव्या वर्षी ती झिजलेला टाक बघून सांगायची की हा कुठल्या सोनाराच्या हातचा, आणि कुणीतरी मध्ये एकदा डोळे नव्याने कोरलेत. वडील चकित व्हायचे. "पोरीची नजर आहे," असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. आणि हातोडी त्यांनी दिली मुलाला, ज्याला समोरची म्हैस धड दिसत नव्हती. भावाने पुढे दुकान विकून तिथे मोबाइलचं काढलं. सहासष्टाव्या वर्षीही हे सांगताना कांचनताईंचा आवाज चढतो, आणि का चढू नये.

लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या त्या चौऱ्याऐंशी साली. कुमारराव औषधांच्या कंपनीत केमिकल इंजिनिअर. कांचनताईंनी डेंटल लॅबमध्ये नोकरी धरली आणि सत्तावीस वर्षं माणसांचे दात घडवले. मेणात दात कोरायचा, त्याचा साचा करायचा, धातू ओतायचा, मग छोट्या स्प्रिंगच्या गेजने जाडी मोजायची. मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी माणसाला जेवता येत नाही. दात बसला की पेशंट आरशात बघून म्हणणार, "डॉक्टर, यू आर अॅन आर्टिस्ट." डॉक्टर हसून मान डोलावणार. लॅबमधल्या बाईचं नाव त्या दाताला कुठेच नसे.

रिटायर झाल्यावर शिवांगीचा फोन आला. शिवांगी म्हणजे शैला टिपणीस यांची मुलगी. शैलाताई आणि कांचनताईंची मैत्री चाळीस वर्षांची. शिवांगी इथेच जन्मलेली, म्युझियमचं शिकलेली, आणि पार्सिपनीपासून वीस मिनिटांवरच्या हॉलोवे लायब्ररीत जुन्या वस्तूंच्या संग्रहाची क्युरेटर म्हणून काँट्रॅक्टवर लागलेली. "मावशी, आमच्याकडे ओल्ड रोमन कॉइन्स आहेत. फक्त नवीन एन्व्हलप्समध्ये घालायचीत. तुम्ही मंगळवारी येऊ शकाल?" कांचनताई गेल्या. त्यांना पहिल्याच मंगळवारी कळलं की पाकिटात घालण्याचं काम आपल्याकडून होणार नाही.

कपाट होतं महोगनीचं, रेव्हरंड टॉमस हॉलोवे नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं, अठराव्या शतकातलं. त्याच्या वारसांनी ते जहाजातून इकडे आणलेलं. आत उथळ खण, खणांत गोल खळगे, प्रत्येक खळग्यात एक नाणं आणि खाली रेव्हरंडच्या हातची गोल चिठ्ठी. त्या काळी पैसेवाल्या सद्गृहस्थांना एक खूळ होतं: रोमचे पहिले बारा सीझर, ओळीने, सगळे मोठ्या ब्राँझच्या नाण्यांवर. अकरा मिळायचे. अडायचं आठव्यापाशी, ओथोपाशी. हा ओथो जेमतेम तीन महिने सम्राट होता. टक्कल लपवायला टोप घालायचा म्हणतात. त्याची सोन्या-चांदीची नाणी रोममध्ये पडली, पण मोठं ब्राँझ पाडलंच गेलं नाही. म्हणजे प्रत्येक सद्गृहस्थाच्या खणात आठवा खळगा रिकामा. आणि श्रीमंत माणसाचा खळगा रिकामा असला की तो भरून द्यायला कुणीतरी कारागीर तयार असतोच.

रेव्हरंडकडे आठवा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'सापडला १७३१. निःसंशय खरा.' एवढ्यावर त्याचं समाधान झालं नव्हतं. वाचनालयात त्याचं भलंमोठं तैलचित्र लावलेलं होतं: गुबगुबीत चेहरा, पांढरा टोप आणि दोन बोटांत धरलेलं ओथोचं नाणं, आपल्याकडे तोंड करून. कांचनताईंना ते चित्र पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. नाणं कुणी घडवलं याची ज्याला फिकीर नाही, असा माणूस ते धरून कसा बसेल, तसाच तो बसला होता.

त्यांनी ओथो भिंगाखाली घेतला आणि त्यांना हसू आलं. केसांच्या पाच सरळ ओळी. त्या ठशातून उठलेल्या नव्हत्या, धातू थंड असताना कुणीतरी कोरल्या होत्या. कोरणीच्या प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी धातू किंचित उचललेला होता. हे तर त्या नवव्या वर्षापासून ओळखत होत्या. पर्समध्ये दातांचा गेज होता, सवयीने. त्यांनी नाण्याची जाडी मोजली, कडेने, मधे, मग मानेभोवती. मानेभोवती आणि हनुवटीखाली नाणं तीन दशांश मिलिमीटरने पातळ होतं. बाकीच्या अकरांत असं कुठेच नव्हतं. म्हणजे इथे आधी काहीतरी होतं आणि ते तासून काढलंय. जाड मान होती. बारांमध्ये बैलासारखी मान एकाचीच, सहाव्या खळग्यातल्या नीरोची. त्यांनी नीरो शेजारी ठेवला. कान जिथल्या तिथे जुळला. कारागिराने कानाला हात लावायची तसदी घेतली नव्हती. निःसंशय खरा ओथो हा झिजलेला नीरो होता.

त्यानंतरचे सात मंगळवार त्यांनी चौदा पानं लिहिली. मोजमापांचे तक्ते, बाराही नाण्यांचे, प्रत्येकी वीस ठिकाणी. पुसलेल्या अक्षरांचे पेन्सिलीने घेतलेले ठसे. बाराव्या पानावर त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. सम्राटाचा गाल आणि कपाळ इतके गुळगुळीत होते की त्यांनी भिंग बाजूला ठेवून त्यावरून अंगठा फिरवला होता. असा गुळगुळीतपणा त्यांनी हजारदा पाहिला होता, फडक्यातून बाहेर येणाऱ्या टाकांवर. 'मला वाटतं,' त्यांनी लिहिलं, 'हे नाणं कुणाच्या तरी घरी पूजेत होतं आणि हा चेहरा रोज कुणीतरी अंगठ्याने पुसत होतं.'

"मावशी, धिस इज अमेझिंग," शिवांगी म्हणाली. पानं चाळताना ती खरोखरच खुर्चीवरून उठली होती. "तुम्हाला कल्पना आहे का, हे किती मोठं आहे? मी हे ठेवू?"

"ठेव," कांचनताई म्हणाल्या. एवढा एकच शब्द. पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला त्या शब्दाबद्दल बोल लावत होत्या.

एप्रिलमध्ये प्रदर्शन उघडलं, 'द मिसिंग सीझर'. कांचनताई निळी नारायणपेठ नेसून गेल्या, बरोबर कुमारराव. दारातच रेव्हरंडचं चित्र, त्याखाली काचेत नाणं आणि टेबलावर गुळगुळीत कागदाची चाळीस पानी पुस्तिका. त्यांनी ती उघडली. तीन दशांश मिलिमीटर होतं. कान होता. वीस ठिकाणची मोजमापं होती. अंगठ्याने पुसलेला चेहरा तर नवव्या पानावर मोठ्या अक्षरांत होता. पहिल्या पानावर होतं, 'संशोधन आणि लेखन: शिवांगी टिपणीस.' आणि शेवटच्या पानावर, प्रिंटरच्या नावाच्याही खाली, 'आमच्या सर्व कम्युनिटी व्हॉलंटियर्सचे आभार.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते कांचनताईंना माहीत होतं, पण या वेळी ती तिथे पोचून थांबली आणि त्या एकदम शांत झाल्या. कुमाररावांना त्या शांततेची जास्त भीती वाटते. त्यांनी चीजची प्लेट खाली ठेवली.

"शिवांगी, माझं नाव कुठे आहे?"

शिवांगीचा चेहरा जरा उतरला. "मावशी, इट्स स्टँडर्ड. व्हॉलंटियर्सची नावं आम्ही इंडिव्हिज्युअली टाकत नाही. पॉलिसी आहे."

"पॉलिसी कुणी लिहिली?"

"जुनीच आहे. मी फक्त अपडेट केली."

"कधी?"

शिवांगीने भोवती बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, प्लीज. माझं काँट्रॅक्ट जुलैमध्ये संपतंय. माझ्या नावावर पब्लिकेशन नसेल तर दे विल लेट मी गो. तुम्हाला काय, तुम्ही रिटायर्ड आहात. तुम्हाला याचा काय उपयोग?"

शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. माणूस रिटायर झाला की त्याच्या हाताला नाव लागत नाही, असं या पोरीला कुणी शिकवलं होतं? कांचनताई बाहेर पडल्या. गाडीत कुमाररावांनी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी शैलाताईंचा फोन. "कांचन, घरचीच पोर आहे गं. तुझ्या मांडीवर वाढली."

"म्हणूनच तिला माझं नाव पाठ आहे, शैला. कचेरीतल्या कुणा परक्याने केलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याला लिहिता येत नसेल."

"एवढं काय लावून धरायचं? तिचं करिअर आहे."

"आणि माझं काय होतं, टाइमपास?" फोन कुणी आधी ठेवला हे दोघीही वेगवेगळं सांगतात.

कांचनताईंनी मंगळवार सोडले नाहीत. जायच्या, नाणी मोजायच्या, शिवांगीशी कामापुरतं बोलायच्या. मग जूनमध्ये बॉस्टनच्या एका प्रोफेसरांनी पुस्तिकेवर लिहिलं. नीरोचा ओथो केल्याचा शोध त्यांनी पोटभर वाखाणला. पण नववं पान त्यांनी सोलून काढलं. गुळगुळीत गाल हा पूजेचा पुरावा नाही, त्यांनी लिहिलं. जुने संग्राहक नाणं देखणं दिसावं म्हणून चेहरा तासणीने घासून घेत असत, हे या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतं. एका भाविक कल्पनेने चांगल्या शोधाची माती केली.

कांचनताई त्याच मंगळवारी जास्त ताकदीचं भिंग घेऊन बसल्या. गालावर बारीक, समांतर रेघा होत्या, एका दिशेच्या. अंगठ्याने अशा रेघा पडत नाहीत. प्रोफेसर बरोबर होते. त्या दिवशी त्यांना स्वतःचा जेवढा राग आला तेवढा शिवांगीचाही आला नव्हता. बाकी सगळं त्यांनी गेजने मोजलं होतं, आणि ही एक गोष्ट फक्त ओळखीची वाटली म्हणून लिहून टाकली. एका श्रीमंत धर्मगुरूच्या पॉलिशमध्ये त्यांना सासवडच्या बायकांचे अंगठे दिसले. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या प्रतीवर बाराव्या पानाच्या समासात लिहिलं, 'चूक. के. डी.' आणि तारीख टाकली.

पंधरा दिवसांनी लायब्ररीने प्रत्येक पुस्तिकेत एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. शुद्धिपत्र. कांचनताईंनी ती उभ्याने वाचली. 'पृष्ठ नऊवरील घरगुती पूजेसंबंधीचं विधान व्हॉलंटियर कांचन डहाळे यांच्या चुकीच्या निरीक्षणावर आधारित होतं. लायब्ररीला खेद आहे.'

नाव छापून आलं होतं. स्पेलिंगसुद्धा अचूक. चाळीस पानांतून एक चूक निघाली आणि खापर फोडायला डोकं लागलं, तेव्हा पॉलिसी कुठे गेली कुणास ठाऊक. चौदा पानांच्या मालकिणीला नाव नव्हतं, एका ओळीच्या गुन्हेगाराला होतं.

"निदान नाव तरी आलं," कुमारराव म्हणाले. कांचनताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कुमारराव गॅरेजमध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच काहीतरी आवरत होते.

त्या रात्रभर तळमळल्या वगैरे नाहीत. जेवल्या, झोपल्या. सकाळी पोळ्या लाटताना त्यांच्या लक्षात आलं की त्या पिवळ्या चिठ्ठीने आपल्या हातात काय दिलंय. त्यांनी गॅस बंद केला, अर्धी पोळी तव्यावर तशीच राहिली, आणि लायब्ररीच्या बोर्डाची पुढची मीटिंग कधी आहे ते बघितलं.

मीटिंग सकाळी दहाला होती, सगळ्यांसाठी खुली. सात जण लांब टेबलाशी, टोकाला शिवांगी. कांचनताईंना तीन मिनिटं मिळाली. त्यांनी आधी प्रत्येकासमोर चौदा पानांची एकेक झेरॉक्स ठेवली, वर पिवळी चिठ्ठी लावून. मग इंग्रजीत बोलल्या, सावकाश, लॅबमध्ये बोलत तशा.

"या चिठ्ठीत लिहिलंय की चूक माझी आहे. ते खरं आहे. चूक माझीच आहे, मी ती तपासली आणि मान्य केली. ती चूक माझ्या बाराव्या पानावर आहे. कृपया बारावं पान काढा." सातही जणांनी पानं उलटली. "आता मला एवढंच विचारायचंय. बाराव्या पानावरची चूक माझी, तर त्याच्या आधीची अकरा पानं कुणाची? आणि नंतरची दोन?"

बोर्डाचे अध्यक्ष म्हातारे वकील होते. त्यांनी पुस्तिका आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली, तक्त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग चष्मा काढला. "शिवांगी," ते म्हणाले, "ही मोजमापं कुणी घेतली?"

शिवांगी टेबलाकडे बघत होती. ती खोटं बोलू शकली असती, निदान गोल गोल बोलू शकली असती. तिला ते येतं. पण कांचनताई समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तो गेज होता.

"त्यांनी," शिवांगी म्हणाली. "सगळं त्यांनीच केलंय."

पुस्तिका मागे घेतली गेली. शिवांगीला समज मिळाली, काँट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं, आणि ते का वाढलं हे कांचनताईंनी कुणाला विचारलं नाही. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ती नव्या आवृत्तीची प्रुफं घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. पहिल्या पानावर होतं, 'संशोधन: कांचन डहाळे आणि शिवांगी टिपणीस.' नववं पान पूर्ण बदललं होतं. पूजेचा उल्लेखच नव्हता.

कांचनताईंनी पेन्सिल घेतली. आधी नवव्या पानावर आल्या. "हे का काढलंस?"

"मावशी, ते चुकीचं होतं ना. तुमचंच नाव खराब होईल."

"चुकीचं होतं म्हणून परत घाल. खाली लिही, हे चुकलं, कुणी दाखवलं आणि कसं कळलं. माझ्या नावाने लिही. चूकही माझीच आहे, ती तू परस्पर खोडायची नाहीस." मग त्या पहिल्या पानावर गेल्या आणि 'आणि'पासून पुढचं सगळं एका रेघेत खोडलं.

शिवांगीचे डोळे भरले. "आय टाइप्ड एव्हरीथिंग, मावशी. मी एडिट केलं. मी फंडिंग आणलं."

"ते लिही. 'संपादन' लिही, ते तुझं आहे. पण यातलं तू मोजलंस काय?"

शिवांगीने स्वतःच्या पेनने, स्वतःच्या हाताने, पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली, 'संपादन: शिवांगी टिपणीस', आणि पानं गोळा केली. दाराशी जाऊन ती थांबली.

"मावशी, तुम्ही मला फर्गिव्ह केलंय का?"

"नाही," कांचनताई म्हणाल्या. "दार लाव आणि इकडे बस. नवव्या खळग्यातला व्हिटेलियस काढ. त्याची हनुवटी मला बरी दिसत नाहीये. हा गेज घे. या वेळी तू मोज."